गाणं लागलं की 'वन' हरवतो: बॉलरूममध्ये ताल सुटत असेल तर काय तपासायचं

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. बॉलरूमच्या, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचांच्या, क्लासमध्ये सर तोंडाने "वन टू थ्री, वन टू थ्री" म्हणत असतात तोवर पाय बिनचूक पडतात. सर गप्प झाले आणि स्पीकरवर गाणं लागलं, की दहा-बारा पावलांत सगळं विस्कटतं. सरांनी पुन्हा मोजून दिलं की पुन्हा जमतं. पुढच्या आठवड्यात परत तेच. तीन-चार महिने असे गेले की माणूस स्वतःशी ठरवून टाकतो की आपल्याला तालाचं अंग नाही, आणि हळूच क्लासला यायचा बंद होतो. अशी निदान सहा-सात माणसं मी जाताना पाहिली आहेत. प्रत्येक वेळी वाईट वाटलं, कारण त्यांतल्या एकालाही तालाचं अंग नव्हतं असं मला वाटत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. लहानपणी आठ वर्षं मी तबला शिकले, परीक्षा दिल्या, तीनतालात तिहाई (तीनदा वाजवायचा बोल) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडायचे. पंचेचाळिशीत नवऱ्याबरोबर वॉल्ट्झ हा तीन-तीन ठोक्यांचा नाच शिकायला गेले आणि पहिले तीन महिने मला गाण्यातला 'वन', म्हणजे त्या तिनांतला पहिला ठोका, सापडत नव्हता. नवऱ्याने आयुष्यात कुठलं वाद्य हातात धरलं नव्हतं, त्याला तो माझ्याआधी सापडला. पुढे कळलं की माझा कान चुकत नव्हता. तो फक्त सवयीच्या खुणा शोधत होता आणि या संगीतात त्या खुणा दुसरीकडे असतात. तबला-पेटी, भजन, भावगीत, नाट्यसंगीत यांवर वाढलेल्या बऱ्याच मराठी माणसांचं इथे नेमकं हेच होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी बसून तपासा

पाय हलवायचे नाहीत. खुर्चीवर बसा, वॉल्ट्झचं एखादं सरळ, वाद्यांचं गाणं लावा आणि मांडीवर हाताने ठोका धरा. पंधरा-वीस सेकंद ठोका जुळला की आवाज पूर्ण बंद करा, पण हात चालू ठेवा. मनात आठ-दहा सेकंद जाऊ द्या आणि आवाज पुन्हा वाढवा.

गाणं परत ऐकू आलं तेव्हा तुमचा हात त्याच्या ठोक्यावरच असेल, तर कान आणि लय दोन्ही ठीक आहेत. गडबड पायांत किंवा वजनात आहे. हात पुढे निघून गेला असेल तर तुम्ही लय चढवता. मुळात ठोकाच धरता आला नसेल, तर तुम्ही गाण्यातलं चुकीचं काहीतरी ऐकता आहात. आणि ठोका नीट आहे पण "यातला पहिला कुठला?" या प्रश्नाला उत्तर येत नसेल, तर तुमची अडचण समेची आहे. या चारांवर उपाय वेगवेगळे आहेत. सगळ्यांना सरसकट "अजून प्रॅक्टिस करा" असं सांगतात, म्हणूनच ते महिनोन्महिने अडकून राहतात. चुकीच्या जागी केलेली प्रॅक्टिस चूकच पक्की करते.

हीच तपासणी दर पंधरा दिवसांनी करत राहा, कारण एक दोष गेला की त्यामागे लपलेला दुसरा दिसू लागतो.

ठोकाच सापडत नाही

इथे सगळ्यात आधी तुम्ही गाणं कशावर ऐकता ते बघा. घरी बहुतेक जण मोबाइलच्या स्पीकरवर सराव करतात. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जातला आवाज जवळजवळ बाहेरच येत नाही. राहतात ते गायकाचा गळा, व्हायोलिन, ट्रम्पेट आणि झांजांची किणकिण. नाचणाऱ्याला ज्याची गरज असते तो बास आणि बास ड्रम तिथे नसतोच. साधे हेडफोन लावले किंवा बरा स्पीकर घेतला तरी निम्म्या लोकांची ही तक्रार त्याच दिवशी कमी होते. इक्वलायझर असेल तर खालच्या पट्ट्या वर करा आणि वरच्या खाली. काही दिवस गाणं कानाला कोंदट लागेल, लागू दे.

दुसरं, गायकाच्या मागे जाऊ नका. आपण शब्दांवर प्रेम करणारी माणसं, कान आपोआप शब्दांकडे जातो. पण फॉक्सट्रॉट या चार-चार ठोक्यांच्या नाचाची जुनी गाणी गाणारे गायक मुद्दाम ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतात, मध्येच शब्द गोळा करून पुढे उडी मारतात. ठुमरी गाणारी बाई लयीशी खेळते तेव्हा आपण तिच्या शब्दांवरून मात्रा मोजत नाही, तबल्याकडे कान ठेवतो. इथेही तेच करायचं आहे, फक्त तबल्याच्या जागी डबल बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम आहेत.

मला हे सांगितलं ते मडगावकडच्या एका लग्नात, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. ग्रँड मार्च (जोड्यांची रांगेतली फेरी) संपला होता, बँडने वॉल्ट्झ धरला होता आणि मी फ्लोअरच्या कडेला उभी राहून बायकांच्या पायांकडे बघत 'वन' शोधत होते. ते शेजारी येऊन एवढंच म्हणाले, "बाय, बास आयक." बँडमधला बास वाजवणारा मुलगा कोपऱ्यात होता, त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. त्याच्या बोटांकडे बघितलं आणि दिसलं: तो दर तीन ठोक्यांत एकदाच तार ओढत होता. तोच 'वन'. बाकीचे दोन गिटारवाला भरत होता. बूम-चक-चक. तीन महिने जे कळलं नव्हतं ते त्या एका बोटात दिसलं.

ठोका आहे, पण पहिला कुठला ते कळत नाही

तबला शिकलेल्यांनी आणि न शिकलेल्यांनीही हा भाग सावकाश वाचा.

आपला कान सम शोधताना वजनदार, ठसठशीत आघात शोधतो. सगळं येऊन जिथे आदळतं ती सम. आता साध्या चार-चारच्या, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या गटांत चालणाऱ्या, पाश्चात्त्य गाण्यात, विशेषतः गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या, सगळ्यात टणक ऐकू येतो तो स्नेअर ड्रमचा 'टाक'. आणि तो वाजतो दोनवर आणि चारवर. एकवर आणि तीनवर वाजतो बास ड्रम, जो घुमतो पण टोचत नाही. आपला कान त्या 'टाक'लाच सम समजून बसतो. मग सर एक म्हणतात तेव्हा आपल्याला वाटतं ते चुकले. आपल्याकडे गाण्याला टाळ्या वाजवणारे श्रोते एक-तीनवर वाजवतात आणि पाश्चात्त्य पॉपचे श्रोते दोन-चारवर, यात हाच फरक ऐकू येतो.

उपाय साधा आहे, पण हट्टाने करावा लागतो. जोरात काय वाजतंय हा प्रश्न सोडा आणि खाली काय वाजतंय ते विचारा. डग्गा ऐकायचा, टिपरी नाही.

दुसरी खूण कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची. आपलं शास्त्रीय गाणं तानपुऱ्याच्या एकाच षड्जावर उभं असतं, मागचे स्वर बदलत नाहीत, त्यामुळे "मागचा रंग बदलला" ही काळाची खूण असू शकते याची कानाला सवय नसते. इथे कॉर्ड बहुतेक वेळा मापाच्या (तीन किंवा चार ठोक्यांच्या एका गटाच्या) पहिल्या ठोक्यावर बदलतो. गिटार किंवा पियानोचा रंग पालटला, की त्या क्षणी समजायचं की 'वन' आला. सुरुवातीला हे अंधुक ऐकू येतं. रोज एक गाणं, फक्त कॉर्ड बदलताना बोट उचलायचं, बाकी काही नाही. मला दोन आठवडे लागले.

तिसरी अडचण गाण्याच्या तोंडाची. कित्येक गाण्यांची ओळ 'वन'वर सुरू होत नाही, एक-दोन ठोके आधीच उठते. वॉल्ट्झमध्ये तर हे सर्रास होतं: पहिला शब्द तीनवर आणि जोराचं अक्षर एकवर. ऐकणारा पहिल्या शब्दावर पाऊल टाकतो आणि पूर्ण गाणं एक ठोका सरकलेलं नाचतो. पण ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बंदिशीचा मुखडा (तोंडाची ओळ) कितीदा खालीपासून, म्हणजे तालातल्या बिनटाळीच्या हलक्या मात्रेपासून, उठतो आणि समेवर येऊन बसतो. आपण कधी मुखड्याच्या पहिल्या अक्षराला सम म्हणत नाही. हाच कान इथे वापरा: ओळ कुठून निघाली ते सोडा, ती कुठे येऊन बसली ते ऐका.

आणि हातावर ताल द्या. हा उपाय मला कुठल्याही क्लासमध्ये कोणी सांगितला नाही. वॉल्ट्झला एक टाळी आणि दोन बोटं. चार-चारला एकवर टाळी, दोनवर बोट, तीनवर हात उलटा करून खाली, चारवर बोट. पाश्चात्त्य माप मोजणाऱ्याला एक आणि तीन यांच्यात नेहमी गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे बास ड्रम असतो. तीनला खाली दिली की हातालाच फरक कळू लागतो. गाणं ऐकत हातावर ताल धरून घरभर चाला. आठवड्याभराने पाय आपसूक टाळीच्या हाताशी जुळतात.

वॉल्ट्झपुरतं तर आपल्याजवळ याहून जवळचं माप आहे. बॉक्स स्टेप सहा पावलांची असते. पुरुष पहिल्या तीनला डावा पाय पुढे टाकून सुरू करतो, पुढच्या तीनला उजवा मागे टाकून. म्हणजे दर मापाला सुरुवातीचा पाय बदलतो आणि दोन मापांनी चक्र पूर्ण होतं. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, पहिल्यावर सम, चौथीवर खाली: हा आपला दादराच. डावा पाय सम, उजवा पाय खाली. मनात "धा धी ना, धा ती ना" म्हणत बॉक्स केला त्या दिवसापासून माझा पाय कधी चुकीचा निघाला नाही. बाईला उलट: तिची सम उजव्या पायावर मागे आणि खाली डाव्या पायावर पुढे.

फक्त एक सावधगिरी. दादऱ्यातलं प्रत्येक गाणं वॉल्ट्झला चालत नाही. सहा मात्रा जलद असतील आणि अंग दर सहाला दोनदाच डोलत असेल, तर ते सिक्स-एट (सहा जलद ठोक्यांचं माप) झालं. गोव्यातली दुलपदं (तिथली जलद चालीची कोकणी गाणी) तशी असतात. त्यावर वॉल्ट्झ धरलात तर पायांना श्वास मिळणार नाही. स्पर्धेतला वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० मापांचा असतो, म्हणजे ८४ ते ९० ठोके. या चालीच्या आसपासचं, प्रत्येक ठोक्याला पाऊल मागणारं गाणं निवडा. जुन्या हिंदी सिनेसंगीतात अशी गाणी भरपूर आहेत, कारण त्या वाद्यवृंदांची रचना करणाऱ्यांत अँथनी गोन्साल्व्हिस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे संगीतकार होते आणि त्यांना वॉल्ट्झ अंगभूत ठाऊक होता. अशा गाण्यांत अनेकदा डबल बास आणि तबला दोन्ही ऐकू येतात. सराव सुरू करायला मला याहून चांगलं साहित्य माहीत नाही. एका कानाला ओळखीचा डग्गा, दुसऱ्याला बास, आणि दोघं एकाच जागी पडतात.

'वन' कळतो, तरी पाऊल उशिरा पडतं

माझ्या मते ही खरी जुनाट तक्रार. बाकीच्या सुटल्यावरही ही राहते.

कारण असं की आपण ठोका ऐकतो आणि मग पाऊल उचलतो. आवाज कानावर पडून स्नायू हलेपर्यंत साधारण १५० मिलिसेकंद जातात. वॉल्ट्झच्या ९० ठोक्यांच्या चालीत दोन ठोक्यांमध्ये सुमारे ६६७ मिलिसेकंद असतात, म्हणजे तुम्ही जवळजवळ पाव मात्रा मागे. पाव मात्रा मागे असलेलं जोडपं बघणाऱ्याला लगेच ओळखू येतं, त्यांना स्वतःला कळत नाही. क्विकस्टेप या जलद नाचात मिनिटाला २०० ठोके असतात, तिथे दोन ठोक्यांत ३०० मिलिसेकंदच. म्हणजे अर्धी मात्रा गेली. ऐकून मग पाऊल टाकणाऱ्याला क्विकस्टेप येणं शक्यच नाही, कितीही वर्षं शिकला तरी.

उलट, मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर बोट टिचकवायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधी टिचकवतात. म्हणजे पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज शरीराजवळ उपजतच असतो. नाचताना आपण त्यावर विश्वास ठेवत नाही, खात्री करून घ्यायला थांबतो.

समेचा विचार इथे पुन्हा कामाला येतो. सम ही निघण्याची जागा नसते, पोचण्याची असते. तिहाई समेवर सुरू करत नाहीत, समेवर संपवतात. ती कुठून सोडायची याचा हिशोब आधीच झालेला असतो. पाऊलही तसंच: 'वन'ला पाय जमिनीवर असतो आणि अंगाचं वजन त्यावर आलेलं असतं. म्हणजे तो त्याआधीच निघालेला असायला हवा.

वॉल्ट्झमध्ये हे नेमकं कुठे अडतं ते सांगते. एकपासून दोन-तीनला आपण टाचा उचलून वर जातो आणि तीनच्या शेवटी खाली येतो. शिकाऊ माणूस तीनवर पाय जुळवून वरच उभा राहतो, 'वन' ऐकतो, मग खाली येतो आणि मग पाऊल टाकतो. एका ठोक्यात दोन कामं. ती कधीच मावत नाहीत. खाली येणं हे तीनच्या पोटात संपलं पाहिजे, गुडघा 'वन'च्या आधी मऊ झाला पाहिजे. मोजताना "एक, दोन, तीन-खाली" असं म्हणा. 'खाली' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी बसतो. आठ दिवस फक्त एवढंच, जागच्या जागी, भिंतीला हात टेकून करा.

वजनाचाही दोष बघून घ्या. पाय ठोक्यावर पडला पण वजन निम्मं मागच्याच पायावर राहिलं, तर पुढच्या ठोक्याला कुठला पाय मोकळा आहे हेच शरीराला कळत नाही आणि ते क्षणभर थांबतं. बाहेरून तो लयीचा दोष दिसतो. तपासायचं कसं? प्रत्येक पावलानंतर दुसरा पाय सहज उचलता येतो का बघा. येत नसेल तर वजन गेलेलं नाही.

फॉक्सट्रॉट: आपण चुकलो असं वाटतं, पण चुकलेलो नसतो

क्लबात आणि लग्नांत जो फॉक्सट्रॉट नाचतात त्याची मूळ पावलं स्लो, स्लो, क्विक, क्विक अशी असतात. स्लोला दोन ठोके, क्विकला एक. बेरीज करा: दोन आणि दोन, एक आणि एक, एकूण सहा. पण गाण्याचं माप चारचं. म्हणजे पहिला फेरा एकवर सुरू झाला तर दुसरा तीनवर सुरू होणार, तिसरा पुन्हा एकवर. ज्याला हे कोणी सांगितलेलं नसतं तो दुसऱ्या फेऱ्याला ऐकतो की आपला पहिला स्लो 'वन'वर नाही, घाबरतो, मध्येच थांबून दुरुस्ती करतो आणि जे बरोबर चाललं होतं ते स्वतःच मोडतो. केरव्याच्या आठ मात्रांवर सहा मात्रांचा बोल फिरवत ठेवला तर तो दर वेळी वेगळ्या मात्रेवर उठतो, तसंच हे. स्लो एकवर किंवा तीनवर पडला तर सगळं ठीक आहे. दोनवर किंवा चारवर पडला तरच चूक. स्पर्धेच्या फॉक्सट्रॉटमध्ये स्लो-क्विक-क्विक असे चार ठोके असतात, ते मापात चपखल बसतात, त्यामुळे तिथे ही भीती येत नाही.

फॉक्सट्रॉटमध्ये बासचा एक चकवाही आहे. स्विंगच्या गाण्यांत बास चारही ठोके सारखेच चालत वाजवतो, त्यामुळे त्याच्याकडून 'वन' कळत नाही. तिथे ड्रमरच्या पायाखालची झांज ऐका, ती दोन आणि चारला 'चिक' करते. तुमचे स्लो त्या दोन 'चिक'च्या मधल्या ठोक्यांवर सुरू झाले पाहिजेत. एक की तीन हे ठरवायला कॉर्ड आणि ओळ.

स्लो घाईत उरकणाऱ्यांसाठी: स्लो म्हणजे एक पाऊल आणि मग एक ठोका रिकामं उभं राहणं असं नाही. पहिल्या ठोक्याला वजन येतं, दुसऱ्या ठोक्याभर दुसरा पाय सावकाश जवळून पुढे सरकत राहतो. हालचाल थांबली की मनाला पोकळी वाटते आणि मन ती भरायला पुढचं पाऊल लवकर टाकतं. पाय चालता ठेवा, घाई आपोआप जाईल.

चा-चा आणि रम्बा

हे दोन्ही चार ठोक्यांच्या मापावरचे लॅटिन नाच. चा-चामध्ये लोक एकवर सुरू करतात आणि पूर्ण नाच एक ठोका पुढे सरकतो. स्पर्धेच्या पद्धतीत मोजणी "टू, थ्री, फोर-अँड-वन" अशी आहे. तीन छोटी पावलं चार, चारच्या अर्ध्यात आणि पुढच्या एकवर. नुसतं पाठ केलं तर हे विचित्र वाटतं. पण तिहाई आठवा. चा, चा, आणि तिसरा चा समेवर! तीन आघात, शेवटचा समेवर, मग श्वास, आणि दोनवर दिशा बदलणारं पाऊल. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका कथक केलेल्या मुलीला मी हे सांगितलं आणि त्या संध्याकाळी तिचा चा-चा सुटला.

क्यूबाच्या गाण्यात वाद्यंही हेच सांगत असतात. कोंगावरचे (हातांनी वाजवायच्या उंच ढोलावरचे) दोन मोकळे, घुमणारे आघात चारवर आणि चारच्या अर्ध्यात पडतात, अगदी जिथे तुमचे पहिले दोन 'चा' आहेत तिथे. त्यांच्या पुढचा ठोका तो 'वन'. हा नाच एन्रिके होर्रीन या क्यूबन व्हायोलिनवादकाच्या संगीतातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि नाचणाऱ्यांच्या पायांच्या घसटीच्या आवाजावरून त्याला नाव पडलं असं सांगतात. म्हणून डोळे मिटा आणि कोंगा ऐका. काउबेलच्या (काठीने वाजवायच्या धातूच्या घंटेच्या) मागे जाऊ नका, ती बहुतेक वेळा चारही ठोके सारखे देते.

रम्बात अडचण आणखी खोल आहे: एकवर पाऊलच नाही. दोन, तीन, चार अशी पावलं, आणि एकवर फक्त कंबर बसते. सम ऐकू येते आणि पाय टाकायचा नाही, हे आपल्या अंगाला सुरुवातीला सहनच होत नाही. मी स्वतःला रूपक आठवून समजावलं. सात मात्रांच्या त्या तालात समेवरच खाली असते, तरीही सम चुकत नाही. जिथे आघात नाही तिथेही वजन असतं. रम्बात ते वजन कंबरेत उतरवायचं. चाल मिनिटाला २५ ते २७ मापांची, म्हणजे भरपूर वेळ आहे, एकवर घाई करू नका.

सुरुवातीला जमतं, मध्येच सुटतं

बहुधा दोन ठिकाणी सुटतं. एक, गायक किंवा नवं वाद्य आत येतं तेव्हा कान तिकडे पळतो. दुसरं, वळणाची अवघड स्टेप येते तेव्हा मोजणी थांबते. दोन्हीवर औषध एकच: ठोके मोजण्याऐवजी मापं मोजायला शिका. नाचाच्या गाण्यांत ओळी बहुतेक आठ मापांच्या असतात. वॉल्ट्झची आठ मापं म्हणजे २४ ठोके, दादऱ्याची चार आवर्तनं. आठ संपली की गाणं एक श्वास घेतं, बऱ्याचदा ड्रमर छोटीशी भरती वाजवतो, आणि नवी ओळ निघते. हे ऐकू येऊ लागलं की मध्ये दोन पावलं चुकली तरी पुढची ओळ तुम्हाला हात देते. सुरुवातीच्या वाद्यांवर लगेच निघूही नका. पहिली आठ मापं उभ्याने ऐका, जागच्या जागी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, मग निघा.

मोजणी मराठीत केली तरी चालते, उलट बरी. एक, दोन, तीन, चार यांतला प्रत्येक शब्द एकाच झटक्यात उच्चारला जातो. मात्र पुढे जाऊन 'सहा'चे उच्चारताना दोन तुकडे पडतात आणि जलद चालीत तिथे जीभ अडखळते, म्हणून चारच्या पुढे जाऊ नका, पुन्हा एकवर या.

जोडीदाराबरोबर सुटतं, एकट्याने नाही

बाईने एक ठरवावं: फ्लोअरवर पुरुष ठोक्याच्या बाहेर गेला तर संगीताबरोबर जायचं की त्याच्याबरोबर? मी त्याच्याबरोबर जाते. दोघांनी दोन ताल धरले तर गुडघे आपटतात आणि काहीच दुरुस्त होत नाही. पुरुषाने मात्र चूक कळल्यावर पुढे ओढत नेऊ नये. जागेवर थांबावं, बायकोचा हात धरून दोन मापं वजन डावीकडून उजवीकडे झुलवावं, बास ऐकावा आणि पुढच्या 'वन'ला निघावं. बघणाऱ्यांना ते थांबणंही नाचाचाच भाग वाटतं. "अरे, तू चुकलास" हे वाक्य फ्लोअरवर बोलू नका. तोंड बोलायला लागलं की कान बंद होतो. घरी गेल्यावर बोला.

सगळं बरोबर असून मोठ्या हॉलमध्ये सुटत असेल

मग दोष तुमचा नसण्याची शक्यता आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकरपासून १७ मीटरवर तो ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो, ३४ मीटरवर १०० मिलिसेकंद. क्विकस्टेपच्या चालीत १०० मिलिसेकंद म्हणजे ठोक्याचा तिसरा हिस्सा. त्यात समोरच्या भिंतीवरून परत आलेला प्रतिध्वनी वेगळा. अशा हॉलमध्ये लांबच्या कोपऱ्यातल्या जोड्यांकडे बघून पाऊल टाकू नका, त्यांना ठोका तुमच्यापेक्षा वेगळ्या क्षणी ऐकू येतो आहे. स्पीकरच्या जवळच्या बाजूने सुरुवात करा, बास पोटात जाणवेल इतक्या जवळ. लय तिथे एकदा अंगात बसली की फेरी मारत दूर गेलात तरी ती टिकते. बँड असेल तर कुठे उभं राहायचं ते आता तुम्हाला माहीत आहे: बासवाल्याचं बोट दिसेल अशा जागी.